समाजकल्याण खातं कुठं जन्मलं, कोल्हापुरात की मुंबईत?

उत्तरेश्वरकर
मंडळी, पेठेतल्या वाचनालयात २६ जूनच्या, म्हणजे शाहू जयंतीच्या कार्यक्रमाची बैठक होती. पत्रिकेत काय छापायचं यावरून वाद पेटला. एक ज्येष्ठ म्हणाले, "महाराष्ट्राचं समाजकल्याण खातं शाहू महाराजांनी काढलं, असं लिहा." एमपीएससी करणारा पोरगा म्हणाला, "काका, खातं १९५७ चं आहे." तिसऱ्यानं पुण्याच्या कुठल्याशा माहितीपत्रकावरून १९३०-३२ च्या आसपासचा काळ सांगितला. शेवटी पत्रिकेत फक्त वेळ आणि ठिकाण छापायचं ठरलं.

माझं मत सांगतो. कागदावर काहीही असो, सरकारनं दुबळ्यांसाठी खास यंत्रणा राबवायची ही कल्पना करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानातलीच. पण नुसतं मत असून भागत नाही, जाणकारांनी सांगावं.

अजून एक शंका. माझ्या वडिलांच्या वेळी 'समाजकल्याण' म्हटलं की एकच ऑफिस. आता शिष्यवृत्ती एकीकडं, ओबीसीचं दुसरीकडं, दिव्यांगांचं तिसरीकडं, निराधारांचं तहसीलदारांकडं. ही वाटणी कधी झाली आणि का?

तांबडा_पांढरा
पहिला नंबर आपला. वाटणीचं कारण सोप्पं हाय भावा. मंत्रिपदं वाढली की खाती वाढत्यात, खाती वाढली की खुर्च्या. बाकी जाणकार येईपर्यंत मी इथंच बसतोय, भडंग घेऊन.

गडहिंग्लजचे मास्तर
उत्तरेश्वरकर, तारखा आधी नीट लावून घेऊ, मग भांडू.

२६ जुलै १९०२. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते आणि इकडे करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. त्या हुकुमात मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. याची गरज काय होती तेही पाहा. १८९४ ला महाराजांनी सूत्रं घेतली तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते.

मग बोर्डिंगं. १९०१ ला मराठा आणि जैन, १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहिलं तर यातली काही आजही नजरेच्या टप्प्यात येतात. १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम.

आता यातलं 'खातं' कोणतं, ते तुम्ही सांगा.

कोथरूडात_परका
मास्तर, माहिती उत्तम, पण तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे. यात खातं कुठंच नाही. हुकूम आहेत, देणग्या आहेत, एका राजाची इच्छाशक्ती आहे. खातं म्हणजे वेगळा अधिकारी, वेगळं अंदाजपत्रक, जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालय आणि राजा गेला तरी चालू राहणारं काम. ६ मे १९२२ ला महाराज गेले.

आणि संस्थानिकांतच मोजायचं तर बडोद्याच्या सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा १८८० च्या दशकातच काढल्या. सक्तीचं शिक्षण अमरेली भागात १८९३ ला आणि सगळ्या राज्यात १९०६ ला. म्हैसूरला मागासांच्या नोकऱ्यांचा विचार करणारी मिलर समिती १९१८ ची. त्यामुळं 'सगळं कोल्हापुरातच पहिल्यांदा झालं' हे आपण एकमेकांना सांगायला ठीक.

(मी मूळचा कसबा बावड्याचा. शिव्या देताना एवढं लक्षात ठेवावं.)

तांबडा_पांढरा
बावड्याचा माणूस कोथरूडला जाऊन बडोद्याचं कौतुक करतोय. पाण्याचा गुण म्हणायचा.

पंचगंगाकाठ
सत्यसुधारक हॉटेल राहिलंच की. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंना महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः जाऊन तिथं चहा प्यायले. बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही प्यावा लागला. कुठल्या खात्याच्या कुठल्या मंत्र्यानं असं केलंय सांगा.

कोथरूडात_परका
पंचगंगाकाठ, तो प्रसंग मला तुमच्याइतकाच प्रिय आहे. पण राजानं एका ठिकाणी चहा प्यायला म्हणून राज्यातल्या बाकीच्या हॉटेलांत काय चाललंय ते तपासायला माणूस नेमला जात नाही. खात्याचं काम तेच.

सई_करवीर
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. आत्ताच्या खात्याची वंशावळ सरळ मुंबई इलाख्यात जाते, त्याबद्दल फारशी शंका घ्यायला जागा नाही.

१९२८ साली मुंबई सरकारनं ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अस्पृश्य आणि आदिवासी यांची शैक्षणिक, आर्थिक, सामाजिक स्थिती पाहून उपाय सुचवायचे, हे तिचं काम. डॉ. आंबेडकर सदस्य होते, डॉ. सोळंकी होते, ठक्कर बाप्पाही होते. १९३० ला अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, पोलिसांत आणि इतर नोकऱ्यांत भरती, पडीक जमिनी असं बरंच काही आहे. मागासवर्गीयांसाठी वेगळा अधिकारी आणि वेगळं खातं हवं ही शिफारस त्यातलीच. त्यानंतर लगेच, १९३१-३२ च्या सुमारास, पुण्यात मागासवर्गीय खातं सुरू झालं. इलाख्यात अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास अशी त्रिस्तरीय विभागणीही याच काळात रुळली. आज आपण जे प्रवर्ग घडाघडा म्हणतो त्यांची मुळं तिथं आहेत.

१९५७ चं सांगणारा मुलगाही चुकीचा नाही. त्या वर्षी मागासवर्ग कल्याणाचं खातं आणि प्रमाणित शाळांच्या मुख्य निरीक्षकांचं कार्यालय एकत्र करून 'समाजकल्याण' झालं. प्रमाणित शाळा म्हणजे बालगुन्हेगार, अनाथ, निराश्रित मुलांच्या संस्था, ज्यांना आपल्याकडे सरसकट रिमांड होम म्हणायची सवय आहे.

म्हणजे पत्रिकेत दोन्ही सालं छापता आली असती. एक खात्याच्या सुरुवातीचं, एक आत्ताच्या नावाचं.

उत्तरेश्वरकर
सईताई, हे नेमकं हवं होतं. पण मग कोल्हापूरचा यात संबंध काहीच नाही का? १ मार्च १९४९ ला आपलं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आपण आयत्या खात्यात जाऊन बसलो, एवढंच?

गडहिंग्लजचे मास्तर
एवढंच कसं? पद्धत बघा ना. सरकारनं प्रत्येक गावात कॉलेज काढायचं नाही. शहरात राहायची आणि जेवायची सोय करायची, पोरगं आपोआप शिकतं. ही वसतिगृहाची युक्ती कोल्हापुरात वीस वर्षं राबवून झाली होती. त्याच काळात इथल्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकणारा कुंभोजचा एक मुलगा होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्कच्या उद्घाटनाला गेला म्हणून बोर्डिंगात परत घेण्याआधी आंघोळ करायला सांगितली आणि त्यानं साफ नकार दिला, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत आहे. त्याच माणसानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालवलं, नाव छत्रपती शाहू बोर्डिंग. पुढं खात्यानं ज्या खासगी वसतिगृहांना अनुदान दिलं ती बहुतेक याच वळणावर चाललेली.

खातं मुंबईचं, पण त्याला करायला काम कोल्हापूर-साताऱ्यानं तयार करून ठेवलं होतं. मी तरी असंच मुलांना शिकवायचो.

कोथरूडात_परका
हे मान्य. असं कुणी मांडलं तर माझी तक्रार नाही.

ऑगस्ट_३१
बराच वेळ वाचतोय. सगळे बोर्डिंगवर बोलताय. सईताईंनी स्टार्टसाहेबाचं नाव घेतलं, पण तो आधी काय करत होता ते कुणी विचारलं नाही.

स्टार्ट हा गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा अधिकारी. १८७१ चा कायदा. जन्मालाच गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणात ठेवायची, कामाला गिरणीत धाडायची, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची. विजापूर, हुबळी, सोलापूर इथं ही सेटलमेंटं होती. सोलापूरचं तर आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. माझ्या नावातली तारीख तीच.

म्हणजे हे खातं जन्मलं तेव्हा त्याचा एक पाय बोर्डिंगमध्ये होता आणि दुसरा सेटलमेंटमध्ये. कल्याण करायचं, पण नजरेखाली ठेवून. नंतर आले मागासवर्गीय अधिकारी, मग समाजकल्याण अधिकारी, मग सहायक आयुक्त. पाट्या बदलल्या. पण दारात गेलेल्या माणसाकडं बघायची पहिली नजर अजून तीच लागते, 'हा खोटा दाखला तर नाही ना घेऊन आला?'

आणि कोल्हापूरकरांनो, तुमच्या महाराजांचं जे काम मला सगळ्यात मोठं वाटतं ते इथं एकानंही लिहिलं नाही. १९१८ ला त्यांनी संस्थानातली हजेरी बंद केली. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज पाटलाच्या पुढं उभं राहावं लागायचं, ते थांबवलं. इंग्रजी मुलखात त्यानंतरही कित्येक वर्षं हजेरी चालू होती.

सई_करवीर
ऑगस्ट_३१, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. हजेरीचा हुकूम आणि महार वतनाबाबतचा हुकूम एकाच वर्षातले, १९१८ चे. दोन्हीकडे विचार एकच, सरकारची माणसावरची पकड सोडवायची. अधिकारी नेमून कल्याण करणं हा त्यापेक्षा वेगळा रस्ता.

पंचगंगाकाठ
+१. हे माहीतच नव्हतं.

जुना_गृहपाल
नमस्कार. मी या खात्यात आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं शासकीय वसतिगृहात गृहपाल म्हणून. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, माणसं अजून नोकरीत आहेत.

ऑगस्ट_३१ यांचं म्हणणं मला टोचलं, पण खोटं म्हणता येणार नाही. हजेरीपट माझ्याच टेबलावर असायचा. तरी दुसरी बाजू ऐका. मुलगा जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन येतो, सोबत आजोबा. आजोबांना सही येत नाही, अंगठ्याला शाई लावून पुसायला त्यांना कागद द्यायचा. मुलाची गादी, चादर, ताट-वाटी यांचा पुरवठा ठेकेदाराकडून यायचा तो दिवाळीच्या आगेमागे. तोवर? तोवर जुन्या मुलांनी सोडलेल्या गाद्या उन्हात टाकून, शिवून द्यायच्या. रात्री दोन मुलं जागेवर नसली तर माझा जीव टांगणीला, कारण उद्या काही झालं तर जबाबदार मी. हजेरी त्यासाठी असते हो. सेटलमेंटची हजेरी वेगळी आणि ही वेगळी.

आणि शासकीय वसतिगृहांशिवाय अनुदानित वसतिगृहं असतात, ती संस्था चालवतात आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत त्यांना प्रत्येक मुलामागं परिपोषण अनुदान मिळतं. तिथले अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस, चौकीदार मानधनावर. वर्षानुवर्षं वेतनश्रेणीसाठी आझाद मैदानावर बसतात. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

तांबडा_पांढरा
काका, एक विचारू? वसतिगृहातल्या आमटीत डाळ शोधायला पाणबुड्या लागतो असं आमचा रूममेट म्हणायचा. हे खरं का बदनामी?

जुना_गृहपाल
मुलगा शंभर मीटरवरून वासावरनं आमटी ओळखत असे. डाळ कमी पडायची ते महिन्याच्या शेवटी, आणि ते कुणामुळं ते या धाग्यावर लिहिणार नाही. रविवारचं मटण मात्र कधी चुकवलं नाही.

तांबडा_पांढरा
नाद खुळा काका! मटण चुकवलं नाही म्हणजे खातं कोल्हापूरचंच, विषय संपला.

काळम्मावाडी
उत्तरेश्वरकरांच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोलेना. माझी मुलगी ऐकू-बोलू शकत नाही. प्रमाणपत्राची तपासणी सीपीआर रुग्णालयात झाली, तिथं सगळं सुरळीत. पुढं एका योजनेसाठी मी एका कार्यालयात गेले, त्यांनी दुसरं सांगितलं, दुसऱ्यांनी म्हटलं आता आमच्याकडं नाही, आमचा विभाग वेगळा झालाय, अजून पत्र आलं नाही. प्रत्येक ठिकाणी तेच झेरॉक्स. वेगळा विभाग झाल्यानं आमचं भलं झालं की नुसती पाटी वाढली, ते कुणीतरी सांगा.

सई_करवीर
काळम्मावाडी ताई, कोण कधी बाहेर पडलं ते सांगते, फायद्याचं नंतर.

१९५७ च्या खात्याकडे सगळं होतं. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त (म्हणजे त्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या) आणि भटके, इतर मागास, महिला, मुलं, अपंग, भिक्षेकरी, सुटलेले कैदी. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्यातलं काही काम त्यांच्या समाजकल्याण समितीकडं गेलं. एकाच जिल्ह्यात एक समाजकल्याण अधिकारी परिषदेचा आणि एक राज्याचा, हा घोळ तेव्हापासूनचा. १९७२ ला आदिवासींसाठी वेगळं संचालनालय, १९८३ ला वेगळा आदिवासी विकास विभाग. १९९३ ला महिला व बालविकास वेगळा झाला आणि प्रमाणित शाळांकडून आलेला सगळा वारसा, बालगृहं वगैरे, त्यांच्याकडं गेला. १९९९ ला विमुक्त-भटके आणि इतर मागासांचं वेगळं संचालनालय, २०१७ ला त्याचा स्वतंत्र मंत्रालयीन विभाग. ३ डिसेंबर २०२२ ला, जागतिक दिव्यांग दिनी, दिव्यांग कल्याण विभाग. उरलं ते आजचं सामाजिक न्याय व विशेष सहाय्य. अनुसूचित जाती, नवबौद्ध, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी, व्यसनमुक्ती एवढं मुख्यत्वे.

माझ्या दृष्टीनं या खात्याचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे काय काय सोडून दिलं त्याचाच इतिहास आहे. दरवेळी कारण एकच दिलं जातं, मोठ्या खात्यात आमचा विषय मागं पडतो. ते खरंही असतं. आदिवासींच्या बाबतीत वेगळं अंदाजपत्रक आणि प्रकल्प कार्यालयं मिळाली, फरक दिसला. पण जिल्ह्याला माणसं न देता नुसता मंत्रालयात विभाग काढला की तुमच्यासारखी फरफट होते.

ऑगस्ट_३१
२०१७ ला आमच्या विभागाचं नाव होतं 'विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग कल्याण विभाग'. अर्जावर ते लिहितानाच ओळ संपायची. आता 'इतर मागास बहुजन कल्याण'. त्यात आमचं नाव निघालं.

थाडे समिती १९६१ ची. तेव्हा महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती मानल्या. शेजारच्या राज्यांत त्यातल्या काही अनुसूचित जातींत आहेत, काही जमातींत. कर्नाटकची हद्द कागलपासून हाकेच्या अंतरावर. निपाणीला बहीण दिली तर तिच्या पोराचा प्रवर्ग वेगळा.

कोथरूडात_परका
नवबौद्धांचं उदाहरण तसंच. १९५६ ला धर्मांतर झालं आणि केंद्राच्या यादीतल्या सवलती गेल्या. महाराष्ट्रानं राज्याच्या सवलती १९६० पासून चालू ठेवल्या, केंद्रानं कायदा बदलला तो १९९० ला. मधली तीस वर्षं आमच्या शेजारच्या काकांसारखे लोक राज्याच्या फॉर्मवर एक आणि केंद्राच्या फॉर्मवर दुसरं लिहीत होते.

वडणगेकर
मी सध्या कॉलेजला आहे. ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलतही समाजकल्याणचीच ना? माझे बाबा तिच्यावरच शिकले. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे म्हणून विचारलं.

गडहिंग्लजचे मास्तर
नाही रे बाळा. ईबीसी बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असतानाची. जात न बघता पालकाचं उत्पन्न बघून फी माफ. ती कायम शिक्षण खात्याची. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणब्याची एक पिढी त्यावर पदवीधर झाली. तिला शाहू महाराजांचं नाव दिलं ते २०१६ च्या सुमारास.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी. ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हाची. ती खात्यामार्फत मिळते. परदेशी शिक्षणाची शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती, २००३ ची, तीही सामाजिक न्यायकडची. नाव बघून खातं ओळखायला जाशील तर फसशील.

शाहूपुरी_५वी_गल्ली
भारत सरकार शिष्यवृत्तीवरून आठवलं. १९८० च्या दशकात मी एका कॉलेजात होतो, नाव राहू दे. पैसे यायचे परीक्षा झाल्यावर. नोटीस बोर्डावर यादी लागायची, क्लार्क खिडकीत बसायचा, पावतीपटावर रेव्हेन्यूचं तिकीट लावून त्यावर आडवी सही. तिकीट तुम्हीच आणायचं, आणि शेजारच्या पानपट्टीवाल्याकडं ते नेमकं दुप्पट किमतीला मिळायचं. बाहेर आलं की खानावळवाला उभाच. हातात काय उरत नव्हतं, पण त्या पैशाच्या भरवशावर त्यानं वर्षभर जेवायला घातलेलं असायचं. आमच्या खोलीतले तिघं त्या उधारीवर पदवीधर झाले. एक पुढं तहसीलदार झाला आणि लोकांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर सह्या करायला लागला.

पंचगंगाकाठ
पानपट्टीवाला म्हणजे पहिलं सेतू केंद्र.

राजारामपुरी_रिटर्न्स
इतिहास वगैरे ठीक. २०२५ ला सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासचा निधी लाडक्या बहिणींकडं वळवला, त्यावर खुद्द खात्याचे मंत्रीच जाहीर नाराज झाले. ज्या महाराष्ट्रात १९८०-८१ पासून विशेष घटक योजना आहे, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढून ठेवायचा, तिथं ही गत. आमच्या राजकारण्यांना शाहू महाराज फक्त भाषणाला लागतात. सगळे एकजात

धागा_पालक
राजारामपुरी_रिटर्न्स, शेवटची दोन वाक्यं संपादित केली आहेत. निधीचा मुद्दा विषयाला धरून आहे, तो ठेवला. पक्षांवर वेगळा धागा काढा. तांबडा_पांढरा, तुम्हीही तयारीत आहात असं दिसतंय, नको.

तांबडा_पांढरा
मी काय केलं? भडंग खातोय.

सई_करवीर
निधीबद्दल एकच जोडते. खात्याच्या नावावर दिसणारी रक्कम मोठी असते, पण विशेष घटक योजनेतला बराच पैसा इतर खात्यांच्या योजनांवर खर्च होतो. सामाजिक न्याय विभाग तो वाटून देतो आणि हिशोब मागतो. कर्नाटक आणि तेलंगणात हा पैसा वळवू नये म्हणून कायदे झाले. आपल्याकडे ती मागणी जुनी आहे.

जुना_गृहपाल
निराधारांचं तहसीलदारांकडं का, ते राहिलं. संजय गांधी निराधार योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असताना आली. विभाग आमचा, पण राबवायला महसूल. कारण गावात तलाठी असतो, आमचा माणूस जिल्ह्यालाच. गावपातळीवर या खात्याला कधीच स्वतःचा माणूस मिळाला नाही. शेतीला कृषी सहायक, आरोग्याला नर्सबाई, आम्हाला कुणी नाही. म्हणून दाखले, शिफारशी, चौकशा सगळं दुसऱ्या खात्याच्या हाती. लोकांना वाटतं समाजकल्याणवाले फिरवतात. आम्हीच फिरत असतो, साहेब.

ऑगस्ट_३१
काका, हे पटलं. सेटलमेंटच्या काळात मात्र सरकारला आमच्या पालापर्यंत पोचायला माणूस बरोबर मिळत होता.

जुना_गृहपाल
यावर मला उत्तर नाही.

कोथरूडात_परका
मग उत्तरेश्वरकर, पत्रिकेत काय छापणार आता? माझी सूचना अशी. 'खातं शाहू महाराजांनी काढलं' हे गाळा. त्याऐवजी १९०२ चा हुकूम, १९०८ चं मिस क्लार्क आणि १९१८ ची हजेरीबंदी, तीन ओळी छापा. त्यांचं मोठेपण सांगायला मुंबई सरकारचं खातं उसनं घ्यावं लागत नाही.

उत्तरेश्वरकर
पत्रिका छापून आली, वेळ आणि ठिकाणच आहे. पण फळ्यावर लिहायला तीन ओळी घेतो, त्यात शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले ती माणगाव परिषदही घालतो, २१-२२ मार्च १९२०. ज्येष्ठ काका रागावणार. त्यांना मास्तरांचा बोर्डिंगवाला प्रतिसाद वाचून दाखवीन. माझं अजूनही मत आहे की कल्पना आपलीच. खातं मुंबईचं हे मात्र सईताईंनी दाखवून दिलं. ऑगस्ट_३१, तुम्ही २६ तारखेला संध्याकाळी मोकळे असाल तर आमच्याकडं बोलायला याल का? हजेरीवरच बोला. मानधन नाही, मिसळ आहे.

ऑगस्ट_३१
येतो. पण मला पंधरा मिनिटांत संपवा म्हणून चिठ्ठी पाठवायची नाही.

वडणगेकर
सगळे जाणकार इथंच आहेत तर विचारतो. माझा महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या पातळीवरच 'प्रलंबित' दाखवतोय. कॉलेजवाले म्हणतात समाजकल्याणला विचारा, विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात गेलो तर म्हणाले कॉलेजनं पुढं पाठवलेलाच नाही. काय करू?

जुना_गृहपाल
ते बरोबर सांगताहेत. कॉलेजच्या लॉगिनमधून पुढं गेल्याशिवाय तिकडं दिसतच नाही. अर्जाचा क्रमांक आणि स्क्रीनची प्रिंट घे, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दे, आवक क्रमांक टाकून पोच घे. तोंडी बोलून येऊ नकोस. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना, ते आधी बघ.

वडणगेकर
दाखला मार्चमध्ये संपला.

शाहूपुरी_५वी_गल्ली
मग आधी सेतूत जा. आमचा तहसीलदार मित्र निवृत्त झालाय, नाहीतर सही तरी लवकर मिळाली असती.